उसन्या लकबी

काकांना रस्त्यावर सगळे ओळखतात, पण कोण म्हणून, ते कुणालाच सांगता येत नाही. "तुम्ही आमच्या शाळेत हेडमास्तर होतात ना?" असं एक जण विचारतो, दुसऱ्याला ते आपले जुने डॉक्टर वाटतात. काका दोघांनाही "हो" म्हणतात. त्यात खोटं काय? हेडमास्तर झाले, डॉक्टर झाले, दारुडा, मंत्री, मंत्र्याचा ड्रायव्हर, सगळं पडद्यावर होऊन झालं. नायक तेवढे कधी झाले नाहीत. सेटवर मेकअपवाल्यापासून दिग्दर्शकापर्यंत सगळ्यांचे ते काकाच.

लोक त्यांना अष्टपैलू म्हणतात. अहो, कसलं अष्टपैलू! सगळा माल घरचा. माणसाची लकब उचलण्यात काकांचा हात धरणारा कुणी नाही. हेडमास्तरांचं खाकरणं थोरल्या भावाचं होतं. दारुडा भिंतीला धडकून तिलाच सॉरी म्हणतो, ते मेव्हण्याचं. मेव्हणा आधी फुगून बसला. ऑफिसात त्या सीनचं कौतुक झालं तेव्हा मात्र "तो मीच, मीच" म्हणत सुटला. बायको पाहुण्यांना बजावायची, "जपून बसा हं. इथे डोकं खाजवाल आणि तिकडे पडद्यावर दिसाल."

मग बायकोच गेली. शेवटच्या दिवसांत श्वास घेण्याआधी ती चादरीची कड दोन बोटांत धरायची आणि ओठ मिटून घ्यायची, जणू काही बोलायचं होतं आणि राहू दिलं. काका उशाशी बसून असायचे. पुढे एका मालिकेत आजोबा होऊन मरायची वेळ आली. कॅमेरा सुरू झाला, दोन बोटांनी चादर धरली, ओठ मिटले. एका टेकमध्ये सीन ओके. लाइटवाल्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

मुलीनं तो भाग तिच्या घरी पाहिला आणि फोन केला.

"बाबा, ते आईचं होतं."

"अगं, हातून झालं."

"झालं नाही. ती मरत होती आणि तू तिथे बसून पाठ करत होतास."

तिनं फोन ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर काकांनी केलेले फोन नुसते वाजत राहिले. घर खायला उठायचं. दाढी करताना हनुवटी वर करायची ढब वडिलांची, चहावर फुंकर घालायची तऱ्हा बायकोची. यात आपलं स्वतःचं काय, हे काकांनी बरंच शोधलं. हाती काही लागलं नाही.

अशात एक सिनेमा आला, आणि त्यात चांगली मोठी भूमिका. मुलीची क्षमा मागणारा बाप. आता ओळखीपाळखीत मुलीची क्षमा मागणारा बाप कुठून आणायचा? कुणी मागतच नाही मेला! काका पहिल्यांदाच अडले. टेकवर टेक वाया गेले. दिग्दर्शक वयानं लहान, पण समजूतदार होता. म्हणाला, "काका, आज राहू द्या. तुम्हाला मुलगी आहे ना? उद्या तिच्याशी बोलताय असं समजा."

काका तडक मुलीच्या घरी गेले. तिनं दार उघडलं आणि त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाली, "आधी ती मिशी काढ."

घाईत खोटी मिशी तशीच राहिली होती. काकांनी ती ओढून काढली. ओठ चरचरला.

"का आलास?"

"माफी मागायला."

"उद्या तसा सीन आहे?"

"आहे," ते म्हणाले. "पण मला खरंच..."

"खरंच काय, बाबा? तुझं तुला तरी कळतं का?"

आणि ती रडली. रडताना तिनं मनगट नाकाशी दाबलं आणि घशातून हसल्यासारखा आवाज काढला. काकांची नजर लगेच त्या मनगटावर गेली. जित्याची खोड! तिनं ती नजर पाहिली. काकांनी घट्ट डोळे मिटून घेतले, पण उशीर झाला होता. मिटल्या डोळ्यांनीच त्यांनी दार लागताना ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सेटवर काकांना पक्कं ठाऊक होतं की एक मनगट उचललं की सीन सोन्यासारखा होणार. त्यांनी दोन्ही हात खिशात घातले आणि वेळापत्रक वाचावं तसे संवाद म्हणून टाकले. पुन्हा टेक, पुन्हा तेच. शेवटी दिग्दर्शकानं हात टेकले. सिनेमा लागला तेव्हा "बाप लाकडी वाटतो" असं छापून आलं. मग कामं आटली. काका खिडकीपाशी बसू लागले. फोन वाजला की धावायचे. बहुतेक वेळा चुकीचा नंबर असायचा.

एका दुपारी फोन वाजला, तो मुलीचा होता.

"सिनेमा पाहिला. दोनदा पाहिला. माझं कुठे सापडतं का ते शोधत होते."

काकांनी फोन कानाशी आणखी जवळ धरला.

"नाही सापडलं," ती म्हणाली. "भिकार काम केलंस, बाबा."

काकांना रडू फुटलं. कसं रडत होते, हात कुठे होते, हे त्यांनी पाहिलं नाही.