हंबीरचा तुडव्या

आमच्या हंबीरला कुणी येडा म्हटलं की माझं डोस्कं अजून फिरतं. मी त्येची थोरली भन, बनुबाई. पलूसात बनाक्का म्हंत्यात मला. त्येला येडा म्हणायचा हक्क असंलच कुणाला तर त्यो माझा, कारण काखेत घेऊन मी वाढवलाय त्येला. बाकीच्यांनी तोंड सांभाळावं.

लढाई संपल्यावर, शेहेचाळीस साली, पोरगं घरी आलं. पलटणीच्या कारखान्यात मोटारी दुरुस्त करायचं काम हुतं त्येचं, पार इटलीत. डाव्या हाताची दोन बोटं तितंच एका यंत्रात गेली. गावातल्या बाकीच्या शिपायांनी येताना घड्याळं आणली, बूट आणले, बायकांना रुमाल आणले. ह्येनं काय आणलं? पान्हे, आन् डोस्क्यात एक खूळ.

"आक्का," म्हणाला, "तितला चिखल आपल्या नदीकाठच्या मळीतल्यासारखाच. मोटारी बुडापतोर रुतायच्या आन् आमी ढकलायचो. तवा मला कळलं, चाकाला चिखल कळत न्हाई. पायाला कळतो."

"मंग?"

"मंग पाय असलेलं यंत्र करायचं. यंत्र बी न्हाई, जनावरच. नवी जात."

मी कपाळाला हात लावला. आय लगीन कर म्हणून मागं लागलीती, आन् ह्यो जनावर करायला निघाला! पर त्येनं केलं बरं का. पयल्यांदा कोळशानं पडवीच्या भितीवर काढलं, मी कालच पांढऱ्या मातीनं पोतारलेल्या भितीवर. मी लाटणं घिऊन धावले, आन् चित्र बघून तितंच थांबले. सहा पाय!

"बैलाला चार पाय असत्यात रं मुडद्या," मी म्हटलं.

"ह्यो बैल न्हाईच आक्का. चार पायाचं जनावर चिखलात कलंडतं. ह्येचे तीन पाय कायम भुईवर, तीन उचललेले. पडंल कसं?"

खूर म्हशीसारखे पसरट. शिंगं न्हाईत, कारण ह्येला कुणाशी भांडायचं न्हाई. कान मात्र सुपाएवढे, पाठीवर पसरलेले, पोटातल्या दातऱ्या चाकांवर पाऊस पडू नये म्हणून. आन् खातं काय? तर पीळ खातं. पोटात आंबाडीच्या दोरांचा जाड जुडगा बसवलेला. शेपूट धरून फिरवली की त्यो पिळायचा, आन् पीळ सुटंल तसे पाय पडायचे. "गवत नगं, पेंड नगं. दोर वळायला तर आपल्यात सगळ्यास्नी येतंय," म्हणायचा. नाव ठेवलं तुडव्या.

पयला तुडव्या कोंबडीएवढा. अंगणात खुडखुडत चालला तवा खरी कोंबडी आढ्यावर जाऊन बसली ती सांजंपतोर उतरली न्हाई. दुसरा करडाएवढा. पयल्याचा मागचा पाय फेंगडा पडायचा, ती खोड दुसऱ्यात मोडली. दुसऱ्याला वळता येत नव्हतं, ते तिसऱ्यात करीन म्हणाला. "ह्यो आजा, ह्यो बाप, आता नातू येनार," असं त्येचं चाललेलं. गल्ली हसायची. मी सगळ्यांशी भांडायची. खरं सांगते, छाती फुगायची माझी! देवाला बी सुचली नव्हती अशी जात, आन् ती आमच्या पडवीत चालत हुती.

आमची आय, भामाबाई, मात्र तिकडं ढुंकून बघायची न्हाई. "पत्र्याचं भूत हाय ते," एवढंच म्हणायची. तिचा सगळा जीव पाखऱ्यावर. पाखऱ्या आमचा बैल, घरच्याच गाईचा, तिच्या हातावर जन्मलेला.

आता बेंदराचं सांगते. आषाढात आमच्याकडं बैलांचा सण असतो. त्या दिशी त्यांच्या मानेवर जू न्हाई, अंगावर चाबूक न्हाई. गावच्या येशीत कर बांधत्यात, म्हंजी पिंपळाच्या न् आंब्याच्या पानांची आडवी दोरी. मानाच्या बैलानं धावत जाऊन ती तोडायची. हा मान आमच्या घराचा, आज्याच्या बी आधीपासनं. पर आमच्या येशीची एक अट हाय. जनावर त्या घरात जन्मलेलं पायजे, इकत आणलेलं चालत न्हाई. आन् एक साल चुकलं की मान दुसऱ्या घरी जातो तो जातोच.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात लाळ-खुरकत आली आन् पाखऱ्या गेला. दावणीला घरचं दुसरं खोंड नव्हतं. आय जेवंना, बोलंना. नुसती दावणीला हात लावून बसायची. "माझ्या डोळ्यादेखत घराचा मान चालला," एवढंच एकदा म्हणाली.

भावकीतला लालासाहेब भेटायला आला. "लय वाईट झालं काकी," म्हणाला, आन् उठता उठता, "मंग अवंदा कर आमच्या बैलानं तोडायची म्हणा." मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारा मेला!

हंबीर कोपऱ्यात कानस चालवत हुता. मान वर न करता म्हणाला, "दादा, आमच्या घरात जनावर जन्मतंय. बेंदरापतोर हुभं ऱ्हाईल."

मंग काय, घराचा कारखाना झाला. बाभळीचे पाय, रॉकेलच्या डब्यांचा पत्रा, आन् मानेखालच्या पोळीला हिरीवरच्या जुन्या मोटंचं कातडं. दोर मी वळले. हाताला फोड आले, पर एक गाठ ढिली ठेवली न्हाई. बैलाएवढा तुडव्या हुभा ऱ्हायला तवा हसायला आलेली माणसं हात लावून बघाय लागली.

लालासाहेबानं गावच्या वडीलधाऱ्या नानासोंकडं तक्रार नेली. नानासोंनी सगळं ऐकून घेतलं. मंग म्हणाले, "आधी कर तुटू द्या. जन्माचं मागनं बघू."

बेंदराच्या सकाळी हंबीर आंघोळीला गेला हुता. मी पुरणाला बसलीवती. पडवीत बघते तर आय! हातात तेल, त्यात फोडलेली अंडी, आन् बांबूचं नळकांडं. बेंदराला बैलास्नी पाजत्यात ना, तसं तिनं तुडव्याचं तोंड वर केलं आन् सगळं नरड्यात वतलं.

"आये, आगं काय केलंस!" मी वरडले.

"काय केलं म्हंजी? घरचं जनावर हाय न्हवं? सणाला उपाशी धाडू व्हय?"

हंबीर आला. तुडव्याच्या पोटातनं अंडं गळत हुतं. आय काय म्हणाली ते मी त्येला सांगितलं. मंग चिडणार कसा? आयनं पयल्यांदा तुडव्याला घरचं म्हटलं हुतं. फडक्यानं निघंल तेवढं पुसलं, आन् तवर येशीत हलगी वाजायला लागली.

पाठीवर पाखऱ्याची झूल घातली, गळ्यात त्येचीच घुंगरं. हंबीरनं पीळ भरला आन् तुडव्या निघाला. चिखल पोटरीएवढा. माणसं घसरत हुती, ह्यो सहा पायांनी थापथाप करत सरळ चाललेला. आया-बाया आडोशाला सरकल्या, बैलं कान टवकारून बघाय लागली. मी गर्दीत पुढं घुसले. म्हटलं, बघा रं, डोळं भरून बघा, माझ्या भावाचं हाय!

आन् करीच्या अलीकडं, चार पावलांवर, थांबला. दातऱ्यांत अंडं आन् दोराचा भुसा चिकटला हुता. पीळ पोटात भरलेला, पर सुटंना.

"रवंथ करतंय जनू!" लालासाहेब म्हणाला. सगळी येस हसली.  हंबीरनं कमरेचा हातोडा काढला आन् उगारला.

"खबरदार!" आय कडाडली. "बेंदराला जनावरावर हात उगारतोस? आपल्या घरात हुतं का असं कवा?"

हंबीरचा हात तसाच ऱ्हायला. लुगडं खोचून आय चिखलात उतरली. तुडव्याच्या पोळीवरनं तिनं हात फिरवला. पाखऱ्याला दर साली म्हणायची तेच म्हणाली, "चल माझ्या लेकरा, घराचं नाव राख." मंग मागं गेली, आन् अडलेल्या बैलाची पिळत्यात तशी दोनी हातांनी शेपूट पिळली.

आत कट्ट झालं. अडकलेला सगळा पीळ एकदमच सुटला. तुडव्या असा उसळला की हंबीर बाजूला पडला. कर त्येच्या कानात अडकली, ताणली, आन् ताडकन तुटली! पिंपळाची पानं कानावर घिऊनच त्यो येशीतनं पार झाला. सगळा चिखल उडाला लालासाहेबाच्या नव्या फेट्यावर. देव हाय बाबा!

हलगीवाला वाजवायचा थांबलाच नव्हता, पर आता ऐकू येईना, एवढा गलका. लालासाहेब फेटा पुसत म्होरं आला.

"नानासो, कर तुटली, मान्य. पर घरात जन्मलेलं पायजे ना? मंग सांगा, ह्येची आय कोण?"

 नानासोंनी हंबीरकडं बघितलं. हंबीर दातऱ्या, दोर, पाय दावाय लागला. 

आय चिखलातनं वर आली. हात पदराला पुसले.

"आय न्हाई त्येला," म्हणाली. "बाप हाय. ह्यो हुभा हाय बघ, तुटक्या बोटांचा. ह्येला मी त्याच घरात जन्म दिलाय, माजघरात, तुझी आजी सुईण हुती. मंग ह्येच्या पोटचं घरचं न्हाई तर कुणाचं? नातू हाय माझा त्यो."

नानासोंनी काय बोलायच्या आधी मानाचा नारळ उचलला आन् आयच्या हातात दिला. आयनं त्यो हंबीरच्या हातात ठेवला. माझा भाऊ, इटलीत बोटं गेली तवा बी न रडलेला, भर येशीत हुंदके दिऊन रडला. मी बी रडले. लाज कसली त्यात?

पुढल्या साली बेंदराला कुंभारीण दारात पाटी घिऊन आली, पूजंची मातीची बैलं घिऊन. आयनं पाटीत हात घातला, बैलांच्या खालनं कुंभारणीनं घडवलेलं एक सहा पायांचं काढलं, आन् जात्याजवळ पाटावर मांडलं.