मेंढीकोट, झोका आणि कमलचा आवाज

आम्ही तिघी म्हाताऱ्या भेटलो की दरवेळी ठरवतो, आज जुनं काही काढायचं नाही! गुडघे आहेत, नातवंडं आहेत, डोळ्यांची ऑपरेशनं आहेत, बोलायला विषयांचा काय दुष्काळ आहे? पण चहाचं आधण उकळेपर्यंतही दम निघत नाही. सुशी पदर खोचते आणि म्हणते, “मंदे, त्या आखाजीले काय झालं होतं वं?” जसं काही तिला माहीतच नाही! मग एकातून एक निघत जातं. माझ्या सुनेला तर हे किस्से इतके पाठ झालेत की ती माझ्याआधी हसते.

आमचं गाव मोताळ्याकडचं. मलकापूरची आगगाडी बघायची तर आधी बैलगाडीत हाडं खिळखिळी करून घ्यायची. तेव्हा महाराष्ट्र राज्यही नवं नवं होतं आणि आम्हीही नव्या नव्या सासुरवाशिणी. मला खामगावला दिलेलं, कमलला मलकापूरकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याच्या घरात, आणि सुशीचं अजून जमायचं होतं. चैत्र लागला की लेकी माहेरी यायच्या आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत राहायच्या. लिंबाला झोके, झोक्यावर गौराईची गाणी, आणि आखाजीच्या दिवशी घरोघर पत्ते! एरवी “पत्त्याले हात लावला त हात मोडीन” म्हणणारे बाप त्या दिवशी स्वतःच डाव मांडायचे.

त्या वर्षी कमल आली, झोक्यावर बसली, आम्ही सगळ्याजणी भोवती जमलो. तिच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता. तिनं तोंड उघडलं आणि नुसती हवा बाहेर आली.

“तिकडं गानं नाही वं,” कमल खाली बघत म्हणाली. “बाईचा आवाज वसरीपर्यंत गेला त मामाजीले चालत नाही. जात्यावरबी मुक्यानं दळा लागते. माहा आवाज मेला, सुशे.”

मामाजी म्हणजे तिचे सासरे. सुशीनं झोक्याचा दोर गच्च धरला. “आवाज कसा मरते? मी पायतो ना!”

ठरलं म्हणजे ठरलं! आखाजीच्या आत कमलचा आवाज परत आणायचा.

* * *

सुशीचा पहिला इलाज म्हणजे विहीर. तिचं म्हणणं, कोरड्या विहिरीत तोंड घालून गायलं की आवाज दुप्पट होऊन वर येतो, आणि आपलाच आवाज ऐकून माणसाला धीर येतो. उन्हाळ्यात कोरड्या विहिरींना काय तोटा! आम्ही कमलला मळ्यातल्या विहिरीवर नेलं. ती काठावर पालथी पडली, मी तिचे पाय धरले आणि सुशी म्हणाली, “हं, लाव!”

कमलनं सूर लावला. फाटका, किरटा, गंजल्या कडीसारखा. विहिरीनं तो इमानेइतबारे दुप्पट केला.

तेवढ्यात खालून कोणीतरी ओरडलं, “बाई, जराकसं सुरात म्हना ना! अठी आमच्या हातची पहार सुटून राह्यली!”

विहीर खोल करायला दोन माणसं तळाशी उतरली होती, आम्हाला काय ठाऊक! कमल अशी उठली की मी तिच्या पायांसकट मागे पडले. आम्ही थेट बांधापर्यंत पळालो आणि तिथं बसून पोट धरून हसलो. कमल इतकी मोठ्यानं हसली की झाडावरचे पोपट उडाले. सुशीनं मला कोपरखळी मारली. “पाह्य! म्हनत होतो ना, मेला नाही म्हनून!”

* * *

दुपारचा प्रश्न पत्त्यांचा होता. आखाजीला अवकाश होता, घरात पत्ते काढायची सोय नव्हती. तेव्हा आम्ही तिघींनी माळवदावर वाळत घातलेल्या कुरडया-पापडांची राखण मागून घेतली. रणरणत्या उन्हात हे काम कोणालाच नको असायचं. माझी आई आळीभर सांगत सुटली, “आमच्या पोरी किती गुनाच्या!”

गुणाच्या पोरी वर पासोडीच्या सावलीत पत्ते कुटत होत्या. एक दिवस वावटळ आली आणि अर्धे पत्ते उडाले. आम्ही धावपळ करून गोळा केले, पण बदामाचा राजा काही सापडेना. आम्ही त्याच्यावर पाणी सोडलं.

दोन दिवसांनी आई पापड सोडवायला वर आली. एक पापड उलटा केला, तर त्याच्या पाठीला राजा चिकटलेला! ओल्या पापडावर पडून तो त्याच्याबरोबर कडकडीत वाळला होता. आईनं पापड पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. 

“आता समजलं, उन्हात बसाची एवढी हौस काऊन हाये,” आई म्हणाली. तिनं नखानं राजा अलगद सोडवला, पदरानं पुसला आणि फतकल मारून बसली. “पन तिघींत मेंढीकोट कसा व्हते? वाटा मले!”

त्या दिवसापासून चौथा भिडू मिळाला. आणि काय सांगू, आई चक्क लबाडी करायची!

* * *

मधेच सुशीला पाहायला पाहुणे आले. मुलाचे काका पुढाऱ्यासारखे तक्क्याला टेकून बसले होते. स्वयंपाक येतो का, विणकाम येतं का, विचारून झालं. सुशी मॅट्रिक झालेली, तिला हे प्रश्न ऐकून आधीच ताप चढत होता.

“आनखीन काय येते?” काकांनी विचारलं.

“मेंढीकोट.”

सुशीच्या वडिलांना ठसका लागला. पाहुण्यांनी पोहे संपवले, पान खाल्लं आणि चार दिवसांनी नकार कळवला. घरात सुतक असल्यासारखी तोंडं झाली. सुशी मात्र माळवदावर पत्ते पिसत म्हणाली, “हाराचा भेव वाटला असन बिचाऱ्यायले!”

* * *

कमलचा आवाज रोज थोडा थोडा उघडत होता. आखाजीच्या आदल्या संध्याकाळी आमच्या गावात वरच्या आणि खालच्या आळीच्या मुलींची झुंज लागायची. मधे कोरडा नाला, अल्याड आम्ही, पल्याड त्या. एका बाजूनं गाण्यातून टोमणा मारायचा, दुसऱ्या बाजूनं गाण्यातूनच फेडायचा. जिचं गाणं आधी संपेल ती आळी वर्षभर खाली मान घालणार!

आदल्या दोन वर्षी कमलला सासरहून पाठवलं नव्हतं आणि आम्ही हरलो होतो. या वर्षी कमल नाल्याच्या काठी उभी राहिली आणि जे सुरू झाली ते थांबेचना. पलीकडून आमच्या आळीच्या विहिरीची चेष्टा आली, हिनं त्यांच्या आळीच्या जावयांची काढली. त्यांनी आमच्या भाकरी जाड ठरवल्या, हिनं त्यांच्या वरणात डाळ शोधली. सगळं तिथल्या तिथं जुळवलेलं! बाप्यामाणसंही पार सोडून ऐकायला आली. आवाज असा लागला होता की मी सरळ रडायला लागले.

शेवटी पलीकडची म्होरकी थकली. तिनं दोन्ही हात जोडले आणि ओरडली, “कमले, तू सासरी जा वं एकदाची!”

सगळा नाला हसला. कमल हसली नाही. दुसऱ्या दिवशी मामाजी तिला न्यायला येणार होते.

* * *

आणि मामाजी आले! पांढरं पागोटं, हातात काठी, बोलणं मोजकं. जेवणं झाली, आंब्याचा रस झाला. ऊन उतरल्यावर गाडी जुंपायची असं ठरलं. तोवर मामाजी वसरीवर बसले आणि समोरच्या घरातले पत्त्यांचे आवाज ऐकून चुळबुळ करू लागले. मेंढीकोटासाठी हा माणूस जेवण सोडतो हे आम्हाला कमलकडून कळलेलं होतंच.

कमल आत बोचकं बांधत होती. “अजून पंधरा दिवस भेटले असते त गळा पक्का झाला असता वं,” एवढंच बोलली. मी म्हटलं, पोट दुखतं म्हणून सांग. ती म्हणाली, “खोटं बोलून नाही राहाचं मले.”

सुशी उठली आणि तडक वसरीवर गेली.

“मामाजी, डाव मांडू काय? आज आखाजी हाये. आमी जिकलो त कमल पंधरा दिवस राहीन.”

कमलच्या वडिलांनी कपाळाला हात लावला. मामाजींनी सुशीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “आन मी जिकलो त?”

“त लगेच गाडी जुपा.”

“मांड!”

सुशी आणि मी एकीकडे. मामाजींना भिडू हवा होता. व्याह्यांना पत्ते ओळखूही येत नव्हते, बाकीचे बाप्ये समोरच्या घरातल्या डावात गुंतलेले, आणि माझी आई नेमकी त्याच वेळी घरी गेलेली. मामाजींनी दाराकडे पाहिलं.

“सूनबाईले येते काय?”

दाराआडून कमलनं मान हलवली. “आखाजी हाये,” मामाजी स्वतःलाच सांगितल्यासारखे म्हणाले. “बस, सूनबाई.”

कमल हनुवटीपर्यंत पदर ओढून त्यांच्यासमोर तिरकी बसली. सासऱ्यासमोर बसण्याची तिची पहिलीच वेळ. बोलायचा तर प्रश्नच नव्हता, आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे.

मी मनात म्हटलं, जमलं! कमल आमचीच आहे.

मेंढीकोटात दहाच्या चार पानांना, म्हणजे मेंढ्यांना किंमत. मामाजींनी हुकमाचं पान पालथं करून मांडीखाली दडवलं. ज्याच्याजवळ चालू रंगाचं पान नसेल त्यानं “हुकूम दाखवा” म्हणायचं, मग ते पान उघडतं. तोंडानं म्हटलं नाही तर हुकूम मारता येत नाही.

दोन मेंढ्या त्यांच्याकडे गेल्या, एक आमच्याकडे. राहिली बदामाची. सुशीनं बदामाचा एक्का टाकला. मामाजींनी सत्ती टाकली. मी सुशीच्या एक्क्यावर बेधडक मेंढी दिली. हा हात आला की मेंढ्यांची बरोबरी, आणि हातांत आम्ही पुढे होतो. कमल माहेरी राहिलीच!

पण कमलचा हात थांबला. तिच्याकडे बदाम नव्हतं. पदराआडून तिचे डोळे मला दिसले. तिनं मुकाट्यानं एखादं फालतू पान टाकलं असतं तर जगात कोणी तिला बोल लावला नसता. सून सासऱ्यापुढे बोलते कशी?

कमलनं मान भिंतीकडे वळवली आणि गौराईच्या चालीवर सूर लावला. स्वच्छ, भरलेला, थेट रस्त्यापर्यंत जाणारा.

“गवराई वं माय, बदाम माह्यं संपलं,
सांग वं मामाजीले, उघडा पान झाकलं!”

समोरच्या घरातला डाव थांबला. व्याह्यांच्या हातातला अडकित्ता खाली पडला. मामाजींनी मांडीखालचं पान काढलं आणि उलटं केलं. इस्पिक होतं.

कमलनं इस्पिकाची दुर्री टाकली. एक्का गेला, मेंढी गेली, डावही गेला.

“व्याहीबुवा, पोरगी नादान हाये, गलती झाली,” कमलचे वडील हात जोडून म्हणायला लागले. मामाजी उठले, पागोटं नीट केलं आणि अंगणात गेले. “गाडी जुपा!”

कमलच्या आईनं लेकीची ओटी भरली, सांजोऱ्यांचा डबा दिला. जन्मात कधी न रडलेली सुशी खांबाआड जाऊन रडत होती. मला कमलचा इतका राग आला होता की मी तिला धड मिठीही मारली नाही. ती गाडीत मागे बसली, पदर पुन्हा हनुवटीपर्यंत. मामाजींनी कासरा हातात घेतला. बैलांनी दोन पावलं टाकली आणि त्यांनी कासरा परत ओढला.

मागे वळून न बघता, बैलांकडेच तोंड ठेवून ते म्हणाले, “सूनबाई, घर दूर हाये. तुह्या गान्याले दोनच ओळी हायेत काय?”