फुकटच्या जागेत ठेवलेली गाणी

मला अजूनही त्या साइटचा राग येतो. कुणी ऐकलं तर हसेल. राग माणसाचा येतो, फार तर एखाद्या ऑफिसचा; वेबसाइटचा कसला राग? पण मला येतो, आणि तो जात नाही.

तेव्हा मी निर्मळला, माहेरी होते. बी.कॉम. झालं होतं, स्थळं बघणं चालू होतं, आणि मधल्या रिकाम्या वेळात मी विरारला कॉम्प्युटर क्लासला जात होते. बाबांनी हौसेने घरात कॉम्प्युटर आणला आणि फोनच्या वायरीवर इंटरनेट घेतलं. मोडेम किंचाळत किंचाळत एकदा लागला की घरचा फोन बंद. आई वैतागायची. "आपली फुलं नेणाऱ्या फुलवाल्याचा फोन यायचा असतो आणि तू त्या डब्याला रडवत बसतेस," म्हणायची.

त्या वेळच्या साइट मला तोंडपाठ होत्या. एक भेटकार्डांची होती. कार्ड पाठवायचं आणि समोरच्याने ते उघडलं की आपल्याला तसा निरोप यायचा. मी मैत्रिणींना विनाकारण कार्डं पाठवायची, निरोपासाठी. एक मराठी गप्पांची होती. तिथे परदेशातली मंडळी अळूच्या जागी कुठली पानं चालतील यावर आठवडाभर भांडत. ते भांडण वाचायचं तर आधी त्यांचा फाँट उतरवून घ्यावा लागे, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हांची खिचडी. प्रत्येक मराठी साइटचा फाँट वेगळा, जशी प्रत्येक सासूची आमटी वेगळी.

आणि सगळ्यात लाडकी होती ती फुकट जागा देणारी साइट. त्यांनी एक गावच वसवलं होतं. आपण गल्ली निवडायची, नंबर घ्यायचा आणि आपलं पान मांडायचं. मी संगीताच्या गल्लीत घर घेतलं. दारात हलणारी पणती, खाली किती माणसं येऊन गेली ते मोजणारे आकडे, आणि पाहुण्यांनी चार शब्द लिहावेत म्हणून वही. आकडे वाढायचे ते बहुतेक माझ्याच येण्याने. तरी रोज सकाळी बघायचे.

त्या घरात ठेवायला माझ्याकडे काय होतं? गायला मला येत नव्हतं. गाणी होती ती माझ्या आत्याची.

आत्या जवळच्याच गास गावात दिलेली. हळदीला, मांडवाला, नवरी न्हाऊ घालताना आमच्या घरच्या बोलीत जी गाणी म्हणतात, ती आमच्या नात्यागोत्यात आत्या उचलायची. उचलायची म्हणजे पहिली ओळ तिची. मग बाकीच्या बायका मागून धरणार. तिने उचलल्याशिवाय हळदीची वाटी पुढे सरकत नसे. ही गाणी आमच्याकडे आत्याने भाचीला द्यायची. आणि त्यात एक कडक रीत आहे. एकदा दिलेलं गाणं देणारीने पुन्हा उचलायचं नाही. आता ते भाचीचं. दोघींनी उचललं तर घेणारीचा अपमान होतो, म्हणतात. आत्याला ज्या आत्याने गाणी दिली, तीही त्यानंतर मागच्या रांगेत बसूनच गायली.

तर मी आत्याच्या मागे लागले. ती म्हणाली, "देते. पन गळ्यात घे, कागदावर नको."

"माझा गळा कसला, आत्या? चढायच्या आधीच घसरतो. मी लिहून घेते आणि इंटरनेटवर ठेवते. मग ती कायमची."

"कायमची?"

"कायमची. वही भिजेल, घर पडेल, ते नाही जाणार."

हे मी मनचं सांगत नव्हते. त्या साइटच्या पहिल्या पानावरच लिहिलं होतं, तुमची जागा कायम तुमची. मी ते वाचलं आणि खरं मानलं. तेवीस वर्षांची शिकलेली मुलगी, भाजीवालीने कोथिंबीर ताजी आहे म्हटलं तरी जुडी उलटून बघणारी, आणि ह्या न बघितलेल्या माणसांचा शब्द मी देवळातल्या अंगाऱ्यासारखा कपाळाला लावला.

आत्या श्रावणात आठ दिवस माहेरपणाला आली आणि रोज दुपारी सांगत बसली. बावीस गाणी. मी आधी वहीत उतरवली, मग एका मराठी फाँटमध्ये एकेक अक्षर शोधत टाइप केली. पाहुण्यांच्या वहीत कुणी आखातातून लिहिलं की आईची आठवण आली, डोळे भरले. मी ते आत्याला वाचून दाखवलं. तिने विचारलं, "तो कोनाच्या हळदीला गानार?" मला तो अडाणी प्रश्न वाटला. मी हसले.

पुढे माझं लग्न झालं, मी मनवेलपाड्याला आले. माहेरचं घर दुरुस्तीला काढलं तेव्हा आईने फोन करून विचारलं, तुझ्या वह्या ठेवायच्या का. मी म्हटलं, "दे रद्दीत. सगळं इंटरनेटवर आहे." फ्लॉपी होती एक, पण आमच्या खाऱ्या हवेत तिच्यावर केव्हाच बुरशी चढली होती. चुलतभावांच्या लग्नांपर्यंत हळदीला डीजे आला. कुणी गाणं मागितलं नाही. आत्या बायकांमध्ये गप्प बसून होती. एकदा तिने माझ्याकडे बघितलं, उचल की गं, अशा नजरेने. डीजेचा आवाज केवढा, मी कानाकडे बोट दाखवलं आणि सुटल्यासारखी बुंदी वाढायला गेले.

यंदा माझ्या मुलीचं लग्न ठरलं. तिला कुठून हौस आली देव जाणे, पण म्हणाली, "आई, हळदीला डीजे नको. आपली ओरिजिनल गाणी पाहिजेत. तू सांगायचीस ना, तुझ्याकडे आहेत?"

आहेत तर! मी ऐटीत लॅपटॉप उघडला.

साइट नव्हती. पत्ता टाकला तर कुठल्याशा भलत्याच कंपनीची जाहिरात. गावच्या गाव उठवलं होतं, गल्ल्यांसकट, आणि तेही कित्येक वर्षांपूर्वी. म्हणे आगाऊ सूचना पाठवली होती. कुठे? माझ्या जुन्या ईमेलवर. ते ईमेलही फुकटचं. मी बरेच दिवस आत गेले नाही म्हणून त्यांनीही माझं खातं पुसून टाकलं होतं. बंद दाराखालून सरकवलेली नोटीस! मी एकटीच बसून त्यांना शिव्या घातल्या, अगदी आमच्या बोलीतल्या, ज्या मी मुलीसमोर कधी उच्चारत नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात ते हेच.

जुनी पानं साठवून ठेवणारी एक साइट आहे, तिथे शोधलं. तिथे माझं पहिलं पान सापडलं. पणती नव्हती, तिच्या जागी रिकामी चौकट. खाली बावीस गाण्यांची नावं, एकाखाली एक, निळ्या अक्षरांत. एकेकावर बोट ठेवत गेले. पान उपलब्ध नाही. पान उपलब्ध नाही. बावीस वेळा केलं मी ते. मुलगी दारात उभी होती. "जाऊ दे ना आई," म्हणाली. तिला वाटलं, मी साइटसाठी रडतेय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गासला गेले. आत्या आता ऐंशीच्या पुढे आहे. ओट्यावर बसून वालाच्या शेंगा सोलत होती. "अटे बस," म्हणाली आणि अर्ध्या शेंगा माझ्याकडे सरकवल्या. मी सोलता सोलता विषय काढला. "आत्या, लेकीच्या हळदीला ती गाणी तूच उचल."

"मी कशी उचलू? दिलीत मी तुला."

"मला पुन्हा दे मग."

"पुन्हा?" तिचा हात थांबला. "तू तर कायमची ठेवली होतीस. कटे गेली?"

कुठे गेली ते मला सांगता येईना. कंपनी, सूचना, ईमेल, सगळं सांगितलं. स्वतःच्या तोंडून ऐकताना ते खोटं बोलणाऱ्या पोरीच्या सबबींसारखं वाटत होतं. वही रद्दीत दिली हेही सांगितलं. मला वाटलं होतं चिडेल. चिडली असती तर बरं झालं असतं.

मग तिने पदराला हात पुसले, आतल्या खोलीत कुणी नाही ना ते बघितलं, आणि रीत मोडून, अगदी हळू आवाजात उचललं. पहिली हळद वाडीतल्या देवाला. दुसरी हळद दारच्या विहिरीला. तिसरी हळद... ती थांबली. पुन्हा पहिल्यापासून आली. पहिली, दुसरी, तिसरी हळद... पुन्हा थांबली. माझ्याकडे बघायला लागली, मी पुढचं सांगेन म्हणून. ते मीच एकेक अक्षर शोधून टाइप केलं होतं, आणि तिसरी हळद कुणाला, ते मला येत नव्हतं.

तिने दुसरं गाणं धरून बघितलं, तिसरं धरून बघितलं. सगळी अर्ध्यावर.

"तुझ्याकडे हायत म्हनून मी नाय गं आठवत बसले," ती म्हणाली, आणि चूक तिचीच असल्यासारखी माझ्या पाठीवरून हात फिरवून माझी समजूत काढायला लागली.