निरगुडीची काडी

आधीच सांगते, असल्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर गप्प बसवणारी बाई. आजही कुणी अंगारे-धुपारे घेऊन दारात आलं तर चहासुद्धा न विचारता वाटेला लावते. तेव्हा हे वाचून कुणी मला अक्कल शिकवायला येऊ नका... ती माझी मलाच पुष्कळ शिकवून झाली आहे.

पानशेतचं धरण फुटलं त्याच्या आदल्या वर्षापासूनची गोष्ट. पौडला एका संस्थेच्या दोन खोल्या होत्या. घरातून मार खाऊन निघालेल्या बायका-पोरींना तिथे पंधरा दिवस राहता यायचं. मी तिथली सेविका. तुम्ही आता ज्याला काउन्सेलिंग म्हणता, त्याला आम्ही समजूत घालणं म्हणायचो. समजूत घालायची म्हणजे काय, तर पोरीला परत नांदायला धाडायचं. सासूने ओटी भरायची, नवऱ्याने नारळावर हात ठेवून 'पुन्हा मारणार नाही' म्हणायचं, की माझं काम झालं. मला त्याचा गर्व होता.

हौसा नावाची पोर मी अशीच परत पाठवली. तिचा आमच्या दाराच्या कडीवर भरवसा नव्हता. रोज कुंपणातली निरगुडीची ओली काडी तोडून ती आतून कडीत खुपसायची. वाळली की मोडते, म्हणून रोज नवी. मी तिला हसायचे. सासरी गेल्यावर दोन महिन्यांत ती विहिरीत गेली. पाय घसरला, असं घरच्यांनी सांगितलं... आणि मी ते मान्य केलं.

पुढच्या उन्हाळ्यात सुमन आली. सतरा वर्षांची, एक डोळा सुजून बंद झालेला. "बाई, मला परत धाडू नगा. त्यो मारून टाकंल मला," एवढंच म्हणत राहायची. सगळ्याच म्हणतात, असं मी मनात म्हटलं. पंधराव्या दिवशी भर दुपारी तिची सासू आणि नवरा आले. अंगणात ओटी भरली, नारळावर हात ठेवून झाला. तिथे राहणाऱ्या सगळ्या जणी हे बघायला अंगणातच उभ्या होत्या. सुमनचं गाठोडं आणायला मी खोलीकडे गेले, तर दार आतून बंद.

खिडकीच्या गजांतून पाहिलं. खोली रिकामी. चटईवर गाठोडं. आणि दाराच्या कडीत निरगुडीची ओली काडी, पानासकट.

हौसा आठवली, आणि लगेच रागही आला. कोण माझी चेष्टा करतंय?

"हिनंच काय तरी केलंय. लई आतल्या गाठीची हाय," सासू म्हणाली. नवऱ्याने दाराला दोन लाथा घातल्या, दार हललं नाही. मग तो वळला आणि सुमनच्या अशी कानाखाली दिली की ती मटकन खाली बसली. नारळ अजून तिच्या ओटीतच होता.

आणि मी काय केलं? दाराला हात टेकून सुमनला म्हणाले, "अगं, रागाच्या भरात होतं माणसाकडून. तू जरा समजून घे."

दार आतून दणाणलं. नेमकं माझ्या तळहाताखाली. खांद्यापर्यंत कळ गेली. हात काढायच्या आत पुन्हा एकदा, आणखी जोरात. मी मागे आपटले.

"जागाच वंगाळ हाय ही. चल रं, ऱ्हाऊ दे तिला हितंच," म्हणत सासूने लेकाला ओढत नेलं.

सुमन उठली, दाराला नुसती बोटं लावली आणि ते उघडलं. आत कुणी नव्हतं. काडी उंबऱ्याशी पडली होती, न मोडता.

"बाई, आत कोण व्हतं?"

"कुणी नाही," मी म्हटलं. खोटंच.

सुमनला मी परत पाठवलं नाही. पंधरा दिवसांच्या नियमावरून वरच्यांशी भांडले, बोलणी खाल्ली. ती शिवण शिकली आणि पुढे मावशीकडे राहायला गेली.

कडी आपोआप पडू शकते, लाकूड फुगतं... सगळं स्वतःला सांगून पाहिलंय. पण काडी? तिचं काय करायचं, ते मला आजही कळलेलं नाही. ऐकणारे म्हणतात, हौसाने पोरीला राखलं. राखलं असेल. पण तो दणका लाथा मारणाऱ्याला बसला नव्हता, मला बसला होता.

त्यानंतर त्या खोल्या बंद होईपर्यंत ते दार कुणीही ढकललं तरी उघडायचं. मी ढकललं की नाही. बाहेर उभं राहून आतल्या पोरींना हाक मारावी लागायची, आणि त्यांच्यापैकी कुणी उघडलं तरच मला आत जाता यायचं.