वाटीभर दगडफुलाचं वजन

आमच्या घरची आमटी एकदा माझ्या शास्त्रशुद्ध देखरेखीखाली झाली. तेव्हापासून मला स्वयंपाकघरात पाणी प्यायलाही कुणी एकट्याला जाऊ देत नाही.

ग्वाल्हेरची राजधानी गेली होती आणि कचेऱ्या एकेक करून भोपाळला निघाल्या होत्या. शिंदे की छावनीतलं बिऱ्हाड, घरात एकटी आई, तिचंही मनगट मुरगळलेलं. मला भोपाळ नको होतं! बदली थांबवणं आमच्या साहेबांच्या हाती होतं, आणि कानपूरकडच्या या साहेबांना मराठी आमटीचं भारी कौतुक. मी त्यांना रविवारी जेवायला बोलावलं. नेमका घरातला गोडा मसाला संपलेला!

"सोपं आहे रे," आई म्हणाली. "धने सोळा वाट्या, दगडफूल चार, तमालपत्र दोन..."

"आई, वाट्या गेल्या आता! शेर गेला, छटाक गेली. आता सगळं ग्रॅममध्ये."

"बरं बाबा, ग्रॅम तर ग्रॅम. पण कुणाला तरी विचारून घे नं!"

मी कुणाला विचारणार? मी बी.एस्सी.! (दुसऱ्या खेपेला का होईना.) जयेंद्रगंजच्या किराणेवाल्याकडे वाटीभर धने तोलून घेतले. साठ ग्रॅम! म्हणजे एक वाटी बरोबर साठ ग्रॅम. त्यात धने असोत नाहीतर दगडफूल, वाटी ती वाटीच! मी ऐटीत दोनशे चाळीस ग्रॅम दगडफूल मागितलं.

"बाबूजी, पत्थरफूल इतना?" तो ओरडला. "दवाखाना खोल रहे हो क्या?"

"तुम तोलो जी!"

तो तोलत गेला. दगडफूल म्हणजे वाळक्या पापुद्र्यासारखं, फुंकर मारली तर उडणारं. वजन काही भरेना. त्याच्याकडचं संपलं, शेजारच्या दुकानातलं आणवलं, तेव्हा कुठे काटा हलला. तमालपत्राची निराळी थैली झाली.

घरी आईने ढीग पाहिला आणि मटकन पाटावर बसली.

"अरे, उशा भरून राहिलास का?"

"डोळ्यांना जास्त दिसतं, आई. वजन एकदम करेक्ट आहे."

"चार वाट्या इतक्या होतात का रे?"

"ग्रॅममध्ये होतात!"

आईने कपाळावर हात मारला (चांगला हात). मी सगळं भाजून कुटवून आणलं. आमटीचा रंग डांबराच्या बराच जवळ गेला होता, पण साहेब तोवर दारात उभे होते.

साहेबांनी पहिला भुरका मारला. त्यांचे डोळे भरून आले.

"ये... काढ़ा है?"

"जी, आमटी है!"

"माताजी की तबियत ख़राब है, तो बनाई किसने?"

आई पदराआडून खुणा करत होती, गप्प बस म्हणून. पण एवढी संधी सोडतो कोण? मी वाटी, धने, साठ ग्रॅम, सगळं गणित तपशीलवार सांगितलं. साहेब भारावून ऐकत होते. निदान मला तसं वाटलं.

"कमाल है!" पाण्याचा तिसरा पेला संपवून ते म्हणाले. "भोपाल में नए वज़न-माप समझाने का दफ़्तर खुला है। आपको तो वहीं होना चाहिए।"

आठवड्यात हुकूम आला. पुढची तीन वर्षं मी गावोगावच्या बायकांना "वाटी सोडा, ग्रॅम धरा" असं घसा फोडून सांगितलं, आणि भोपाळच्या खोलीवर परतलो की आधी दाराला कडी घालून मग खिचडीचे तांदूळ वाटीने मोजून घेतले.