शनिवारची सही

आमच्या ग्राफबाईंचा कुठल्याही एका आकड्यावर विश्वास नव्हता. किती वाजले असं विचारलं तर त्या आधी स्वतःचं मनगट बघत, मग भिंतीवरचं घड्याळ बघत, मग विचारणाऱ्यालाच विचारत, "तुझ्यात किती?" त्यानंतर मनातल्या मनात हिशेब करून सांगत, "साडेदहाला तीन कमी. एखादं मिनिट इकडेतिकडे." तोपर्यंत ते मिनिट गेलेलं असे.

परळच्या ज्या रुग्णालयात मी आयुष्याची पंचवीस वर्षं घालवली, तिथल्या लॅबमध्ये बाई बायोकेमिस्ट्रीच्या इन्चार्ज होत्या. तोंडावर आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो आणि पाठीमागे ग्राफबाई. त्यांना दोन्ही नावं ठाऊक होती आणि दोन्हींना त्या ओ देत.

हे नाव पडलं ते भिंतीवरच्या तक्त्यांमुळे. रोज सकाळी पेशंटचं रक्त मशीनला लावण्याआधी आम्ही 'कंट्रोल' लावतो. कंट्रोल म्हणजे बाटलीतून आलेलं तयार सीरम. त्यात काय किती आहे हे आधीच माहीत असतं. मशीनने तोच आकडा किंवा त्याच्या आसपासचा दाखवला, तर मशीन शुद्धीवर आहे असं समजून पेशंट लावायचे. आलेला आकडा ग्राफपेपरवर ठिपक्याने मांडायचा. मधोमध सरासरीची रेघ, वर-खाली मर्यादेच्या रेघा. ठिपका मर्यादेबाहेर गेला की काम थांबवायचं आणि कारण शोधायचं. कॉम्प्युटर हे सगळं आपणहून करायचा, तरी बाई आम्हाला हाताने काढायला लावत. म्हणत, "कॉम्प्युटर काढतो तेव्हा कुणीच बघत नाय. हाताने काढलं की निदान काढणारा तरी बघतो."

बाई वरळी कोळीवाड्यातल्या. आई मासे विकायची. बाईंचं संख्याशास्त्र बहुतेक त्या टोपलीशेजारी बसूनच शिकून झालं होतं. नव्या पोरींना शिकवताना त्या पुस्तक मिटून ठेवत. "लाट वर-खाली होणारच गो. एका लाटेला घाबरून पळू नको. पण सात लाटा सरळ मागच्यापेक्षा वर आल्या ना, तर सामान उचल. भरती आहे." एकदा एक डॉक्टर सहा पेशंटांवरचा अभ्यास घेऊन आले. त्यांचं औषध सहाही जणांना लागू पडलं होतं. बाईंनी कागद शेवटपर्यंत वाचला आणि नम्रपणे विचारलं, "टोपलीत वरचे सहा छान मांडलेत, सर. खालचे दाखवा की." खाली औषध लागू न पडलेले चौघे होते. ते डॉक्टर पुन्हा आमच्या मजल्यावर आले नाहीत.

आता माझं सांगते. इतकी वर्षं सांगितलं नाही.

मी लालबागची. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, प्रोबेशनवर होते. क्रिएटिनिनचं मशीन माझ्याकडे होतं. क्रिएटिनिन म्हणजे मूत्रपिंड कसं चाललंय ते सांगणारा आकडा. त्यावरून डॉक्टर बऱ्याच औषधांचं प्रमाण ठरवतात. मशीन जुनं होतं. आकडा कागदाच्या पट्टीवर छापून यायचा. कंट्रोल मर्यादेबाहेर गेलं की अर्धा-पाऊण तास मोडायचा, रिपोर्ट लटकायचे, ओपीडीतून फोन यायचे आणि लॅबचे प्रमुख दारात येऊन उभे राहायचे. त्यांच्या उभं राहण्याची मला भीती वाटायची. म्हणून कंट्रोल बाहेर गेलं की मी पुन्हा लावायचे. पुन्हा बाहेर, पुन्हा लावायचे. कधी तिसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा ते आत यायचं. ती पट्टी मी वहीत चिकटवायचे आणि आधीच्या चार कचऱ्यात. दुसरं काही कारण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

माझा तक्ता भिंतीवरचा सगळ्यात देखणा तक्ता झाला. प्रमुखांनी तो पाहुण्यांना दाखवला.

बाई दर शनिवारी तक्ते तपासून सही करत. त्या शनिवारी माझ्या तक्त्यासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. चष्मा वर, चष्मा खाली. मग म्हणाल्या, "तुझे ठिपके फार गुणी आहेत गो."

"थँक यू, मॅडम."

"विसातला एखादा तरी बाहेर जायला हवा. मशीन चांगलं असलं तरी जातो. तुझा एकही जात नाय. पुन्हा-पुन्हा लावत नाहीस ना?"

"नाही, मॅडम."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ड्रॉवर आवरत होते. त्यांनी पेन काढलं आणि सही केली.

पुढच्या आठवड्यात वॉर्डातले एक डॉक्टर हातात रिपोर्टांचा गठ्ठा घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, एक विचारू? तीन आठवड्यांत परळमधल्या सगळ्यांची मूत्रपिंडं एकदम बिघडली का?" मशीन तीन आठवडे हळूहळू वर सरकत होतं. तक्त्यावर ते कुठेच दिसत नव्हतं.

बाईंनी रजिस्टर उघडलं आणि त्या तीन आठवड्यांतल्या प्रत्येक पेशंटला स्वतः फोन लावला. "आमच्याकडून चूक झालीय. पुन्हा रक्त द्यायला या." बहुतेक लोक आले, काहींनी दिलेल्या शिव्या बाईंनी शांतपणे ऐकल्या. वडाळ्याचे एक रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ वॉर्डातच होते. माझ्या आकड्यावरून त्यांचं इंजेक्शन निम्म्यावर आणलं होतं आणि ताप उतरत नव्हता. ते वाचले. दोन आठवडे जास्त पडून राहावं लागलं, पण वाचले. हे मी लगेच सांगून टाकते, कारण इतकी वर्षं मी स्वतःलाही हेच लगेच सांगत आलेय.

चौकशी प्रमुखांच्या केबिनमध्ये झाली. मीही बसले होते. प्रमुखांनी विचारलं, "तक्ता ठीक, मशीन बिघडलेलं. हे कसं?"

बाई म्हणाल्या, "तक्ता ठीक नव्हता. जास्तच ठीक होता. मला शंका आली होती."

"मग विचारलं नाहीत?"

"विचारलं. उत्तर मिळालं. ते मी मानलं आणि सही केली. सही माझी आहे, तेवढं लिहा."

उत्तर कुणी दिलं हे प्रमुखांनी विचारलं नाही. बाईंनी सांगितलं नाही. मी खुर्चीच्या हाताला धरून बसले होते. त्या खुर्चीचं रेक्झिन कुठे फाटलं होतं ते मला अजून सांगता येईल.

बाईंची इन्चार्जशिप गेली. निवृत्तीपर्यंतची सहा वर्षं त्या तळमजल्यावर रक्त घ्यायच्या खिडकीत बसल्या. माझं प्रोबेशन सुरळीत संपलं. सुरुवातीला मी एकदा धीर करून खाली गेले आणि खिडकीशी उभी राहिले. बाईंनी कुणाच्या तरी दंडाला पट्टा बांधता बांधता विचारलं, "काही सांगायचंय?"

"नाही, मॅडम. सहज आले."

"बरं. मग बाजूला हो गो, मागे अठरा माणसं उभी आहेत."

पुढे सेवाज्येष्ठतेने मी इन्चार्ज झाले. बाईंच्या निरोपसमारंभात मी भाषणही केलं. चांगलं झालं म्हणतात.

गेल्या महिन्यात बाई वारल्या. लॅबच्या हॉलमध्ये शोकसभा होती. जुने प्रमुख काठी टेकत आले होते. म्हणाले, "ती एक चूक सोडली, तर बाईंची कारकीर्द निर्दोष होती." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. डोलावून झाल्यावर लक्षात आलं की आता गप्प बसले, तर 'ती एक चूक' बाईंच्या नावावर कायमची राहणार. मी उठले.

"ती चूक बाईंची नव्हती," मी म्हटलं. "कंट्रोल पाच-पाच वेळा लावून पट्ट्या मी फेकत होते. बाईंनी विचारलं, तेव्हा खोटं बोलले."

प्रमुखांनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "जाऊ दे आता. बाई गेल्या."

"मी आहे ना, सर."

तेच सगळं मी प्रशासनाला लेखी दिलं. बाईंच्या सेवापुस्तकातला शेरा बदलावा असा अर्ज केला. कारकुनाने तो दोनदा वाचला आणि विचारलं, "मॅडम, असा अर्ज कुणी करतं का?" शिक्का मात्र मारून दिला. उत्तर यायचंय.

शोकसभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परब माझ्या टेबलाशी आले. परब म्हणजे आमचे सोडियम-पोटॅशियम बघणारे, बावीस वर्षं नोकरी झालेले, चहासुद्धा न विचारता पिणारे. आता मशीनं नवी आहेत. पट्ट्या फेकाव्या लागत नाहीत, डिलीटचं बटण असतं. परब घसा खाकरून म्हणाले, "मॅडम, आज सोडियमचं कंट्रोल तीनदा लावलं. तिसऱ्यांदा आत आलं."

"आणि आधीची दोन?"

"अजून उडवली नाहीत."

"राहू द्या. तिन्ही मांडा. मशीन थांबवा."

त्या दिवशी रिपोर्ट उशिरा, साडेबाराला गेले. ओपीडीतून चार फोन आले. चारही मी घेतले.