दिवाकरचे दोन्ही हात गुंतलेले असायचे

फोन आला तेव्हा मी गॅरेजचं शटर वर करत होतो. सुनंदावहिनींचा नंबर पाहिला आणि कळलंच. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, गेले हो..." मी फोन कानाला तसाच धरून शटर पुन्हा खाली ओढलं. त्यांचा नवरा दिवाकर, माझा मित्र आणि भागीदार. सावली गावात, गडचिरोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघांनी ऐन तारुण्यात मोटारसायकलींचं गॅरेज टाकलं आणि केस पिकेपर्यंत एकाच बाकड्यावर काम केलं. पुण्यानुमोदनाच्या दिवशी, श्रद्धांजलीसाठी जमलेले सगळे म्हणाले, प्रकाश बोलेल. मी उभा राहिलो, हात जोडले आणि खाली बसलो. जे बोलायला हवं होतं ते वहिनींना आधी एकट्यात सांगायचं राहिलं होतं. आता सांगून झालं आहे, म्हणून लिहितो.

आमच्याकडे लांबून गिऱ्हाईक यायचं ते एका कामासाठी. इंजिनचा ब्लॉक अल्युमिनियमचा, मऊ; बोल्ट लोखंडाचा. कुणी गरम इंजिनवर पाना चालवतो, कुणी मनाच्या समाधानासाठी आणखी एक हिसका देतो आणि भोकातले आटे निघून येतात. मग बोल्ट नुसता गरगर फिरतो. आमच्याकडे म्हणतात, चुडी मेली. काही मिस्त्री अशा भोकात चिकट मसाला भरून बोल्ट बसवून देतात. तो धरल्यासारखा वाटतो, इंजिन तापलं की सोडतो. दिवाकरला ते चालत नसे. तो भोक थोडं मोठं करायचा, टॅपने नवे आटे पाडायचा आणि स्प्रिंगसारखी पोलादी कॉइल त्यात फिरवून बसवायचा. जुन्याच मापाचा बोल्ट मग त्या कॉइलमध्ये पहिल्यापेक्षा पक्का बसतो.

आटे पाडताना रॉकेलचा थेंब सोडायचा, हँडल अर्धा फेरा पुढे, थोडं मागे, कीस मोडला की पुन्हा पुढे. टॅप तिरपा होऊन आत मोडला तर ब्लॉक भंगारात. म्हणून एकदा हात लावला की तो सोडायचा नाही. आणि नेमकी तेव्हाच त्याला तलफ यायची. "परकाश, तोंड सुकून राह्यलं बे." मी साबणाने हात धुवायचो, प्लास्टिकच्या पन्नीतला सुपारी-तंबाखूचा खर्रा नीट घोटायचो आणि चिमूट त्याच्या गालात ठेवायचो, लेकराला घास भरवावा तशी. गिऱ्हाईक हसलं की दिवाकर म्हणायचा, "बायको बी नाई भरवत असं. हा भरवते, फक्त याच्यासंग संसार करा लागते." माझे हात गुंतलेले असले की तो मला भरवायचा. एकट्याने खर्रा खाणाऱ्याला आमच्याकडे हलका माणूस समजतात. तेव्हा आम्ही कधी एकट्याने खाल्ला नाही.

गेल्या पावसाळ्यात, धानाची रोवणी चालू असताना, एका दुपारी आम्ही एक ब्लॉक तपासत होतो. भोकात पाहायला टॉर्च माझ्या हातात होती. "इकडं पाय बरं," दिवाकर म्हणाला, "भाजी लय झोंबून राह्यली." त्याने तोंड उघडलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, कडेने लालभडक. मी तो नीट पाहिला. मला तो काय असू शकतो हे माहीत होतं. आमच्या तालुक्यात ते कुणाला माहीत नाही? पण माझी जीभ माझ्याच गालाच्या आत फिरू लागली आणि मी घाबरलो. त्याचं खरं असेल तर माझंही असेल...

"काई नाई बे. दाताखाली आलं असल."

"पक्कं?"

"पक्कं."

त्याने तोंड मिटलं. दुसऱ्याने कसलेला बोल्ट स्वतः हात लावून पाहिल्याशिवाय न मानणारा माणूस, त्याने माझा शब्द मानला. मी पुन्हा हात धुतले आणि त्याला खर्रा भरवला. हे लिहिताना बोटं थांबतात, पण भरवला.

दिवाळीपर्यंत त्याचं तोंड दोन बोटंही उघडेना. मग नागपूर, ऑपरेशन, रेडिएशनचे शेक. अर्धा जबडा काढला. परत आल्यावर एकदाच तो गॅरेजला आला. मी आटे पाडत होतो. बोलता येत नव्हतं, म्हणून स्टुलावर बसून पाहत राहिला. माझा टॅप जरा कलला तसा उठला, माझ्या हातावर हात ठेवून त्याने तो सरळ केला. इतक्या जवळून त्याला माझा खर्र्याने फुगलेला गाल दिसला. त्याने माझ्या हनुवटीखाली आपला तळहात धरला आणि तसाच उभा राहिला. मी नाही म्हणून मान हलवली. त्याने हात काढला नाही. शेवटी मी त्या तळहातावर थुंकलो. त्याने तो चिंधीला पुसला आणि पुन्हा स्टुलावर जाऊन बसला. त्यानंतर मी खर्रा खाल्लेला नाही. पण चट्टा मी तेव्हाच ओळखला होता, हे त्या दिवशीही मी त्याला सांगितलं नाही.

परवा वहिनींकडे गेलो. त्या स्वयंपाकाला लागल्या होत्या. दारातच, उभ्याउभ्या, सगळं सांगून टाकलं. त्या वरण घोटत राहिल्या. घोटताघोटताच म्हणाल्या, "मले बी दाखवलं होतं त्यायनं. तुमच्या आधी. मी म्हटलं, उद्यापासून मिरची कमी टाकते..."

त्यांनी घोटलेल्या वरणातून एक वाटी बाजूला काढली, मग बाकीच्याला मिरचीची फोडणी दिली. काढलेल्या वाटीकडे त्यांचं लक्ष गेलं तेव्हा त्या एकदम थांबल्या. "पाहा ना भाऊजी, त्यायची वाटी रोज निघते हातून. रोज मग मीच खाते." ती वाटी त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

मी बसलो. वरण अगदी पातळ होतं, चावायला काही न ठेवलेलं, तिखटाचा कण नाही. मी शेवटपर्यंत खाल्लं. वहिनींनी वाटी धुतली, पदराने कोरडी केली आणि इतर भांड्यांपासून वेगळी, खिडकीतल्या तिच्या जागी पालथी ठेवली.